धमकी-अभिज्ञान, लिंगाधारित (मराठी समाजमाध्यमे)

एखाद्या स्त्रीला ती स्त्री आहे म्हणून, किंवा पारलिंगी व्यक्तीला तिच्या लिंगओळखीवरून दिलेल्या धमक्या समाजमाध्यमांवरील मजकुरातून मशीन लर्निंगने हुडकून काढण्याची पद्धत. माणसांनी आधी खुणा केलेल्या हजारो नोंदींवरून संगणकीय प्रारूप शिकते आणि नव्या मजकुरात धमकी असण्याची शक्यता आकड्यात सांगते.

मराठीत या कामाची सुरुवात शिव्या आणि द्वेष ओळखण्यापासून झाली. २०२१ मध्ये सुमारे २,५०० ट्विटांचा ‘मोल्ड’ हा संच आला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २५,००० हून अधिक ट्विटांचा ‘महाहेट’ प्रसिद्ध केला. त्यात द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेला असे चार वर्ग आहेत. धमकीला स्वतंत्र वर्ग नाही. ही उणीव मोठी आहे, कारण खरी धमकी अनेकदा सभ्य भाषेतही येते. ‘कॉलेज कितीला सुटतं तुझं, माहीत आहे मला’ यात एकही शिवी नाही. मैत्रिणीने लिहिले तर ती साधी गोष्ट. अनोळखी खात्यावरून वारंवार आले, तर मुलगी दुसऱ्या दिवशी एसटीत बसायला धजत नाही. म्हणून नुसते वाक्य पुरत नाही. कोणी, कोणाला, कितव्यांदा लिहिले तेही प्रारूपाला द्यावे लागते.

दुसरी अडचण बोलीची. चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावांत बोली वऱ्हाडी. तिथला ‘तुले पाह्यतो’ हा दम रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने उमटला की प्रमाण मराठीवर शिकलेले प्रारूप अडखळते. उलट ‘आलीस’, ‘जातेस’ ही क्रियापदे मजकूर स्त्रीला उद्देशून असल्याचे आपसूक सांगतात.

खुणा कोण करतो, यावर सारे अवलंबून आहे. टॅटल आणि सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थांच्या, ऑनलाइन लिंगाधारित छळ ओळखण्यासाठीच्या ‘उली’ प्रकल्पात हिंदी, तमिळ व भारतीय इंग्रजी नोंदींवर खुणा केल्या त्या असा छळ स्वतः सोसलेल्या कार्यकर्त्यांनी. मराठीसाठीही हाच मार्ग योग्य. वऱ्हाडीसाठी वऱ्हाडातल्याच बायका हव्यात.

अचूकतेची टक्केवारी इथे फसवी ठरते. हजारात दहाच धमक्या असतील, तर एकही न पकडणारे प्रारूपही ९९ टक्के अचूक ठरते. निसटलेल्या धमक्या किती, हेच आधी पाहावे.

भारतीय न्याय संहितेत पाठलाग (कलम ७८) आणि धाकदपटशा (कलम ३५१) हे गुन्हे आहेत. मात्र यंत्राची खूण म्हणजे पुरावा नव्हे. व्याख्या सैल असली तर काय होते, हे कायद्याच्या बाबतीत दिसले आहे. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुकवरील नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्या वेळी लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम मोघम असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. सैल व्याख्येवर शिकवलेले प्रारूपही बोलणाऱ्या बाईलाच गप्प करू शकते. त्यामुळे प्रत्येक खूण कारवाईआधी माणसाने वाचणे आवश्यक असते.