अन्न कोणाचे?

पंगतीतून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मोमिनपुऱ्यातील एखाद्या घरी दस्तरखानावरून उठणारा माणूसही चार शब्द पुटपुटतो. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहूनही आपण तिकडे फारसा कान दिलेला नाही. आज मला त्या शब्दांविषयी आणि त्यांच्या निमित्ताने या शहरातील काही यजमानांविषयी बोलायचे आहे.

मुसलमान मनुष्य 'बिस्मिल्ला' म्हणून पहिला घास घेतो. विसरलाच, तर मध्ये आठवेल तेव्हा ती उणीव भरून काढण्याची सोयही परंपरेने ठेवली आहे. जेवणानंतरच्या दुआ अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत आल्या आहेत. एकीचा भाव असा की, खाऊपिऊ घालणाऱ्या आणि आपल्याला मुसलमानांत ठेवणाऱ्या ईश्वराची स्तुती असो. दुसरी तर याहूनही पुढे जाते. जेवणारा म्हणतो की हे अन्न मला मिळाले, त्यात माझे बळ किंवा सामर्थ्य काहीच नव्हते. शेतकऱ्याने दिवसभर नांगर धरलेला असो, की शिपायाने मुलूख जिंकलेला असो, पोट भरल्यावर त्याने हेच म्हणायचे आहे.

मग यजमानाचे काय? त्याच्यासाठीही दुआ आहे. आपल्याला ज्याने खाऊ घातले त्याच्या ताटाची काळजी ईश्वराने वाहावी, असा तिचा आशय. कुराणाच्या शहात्तराव्या अध्यायात गरीब, पोरके आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्या सज्जनांचे वर्णन आहे. त्यांना मोबदला नको आणि आभारही नकोत. म्हणजे कृतज्ञता ईश्वराकडे जाते, आणि यजमानाच्या वाट्याला शुभचिंतन येते. अन्न खाल्ले म्हणून माणूस माणसाचा बांधील होत नाही.

आता याच्याशेजारी आपल्या दरबारी जगातला शब्द ठेवून पाहा : मीठ. 'मिठाला जागणे', 'अन्नास जागणे', 'निमकहराम' ही भाषा हिंदू सरदार आणि मुसलमान शिपाई दोघेही एकाच आवेशाने बोलत. (आपला 'मेजवानी' हा शब्दही यजमान या अर्थाच्या फारसी 'मेजबान'वरूनच आला आहे.) तिथे अन्न हे कर्ज आहे आणि ते प्रसंगी प्राण देऊन फेडायचे असते. जेवून दुआ म्हणणारा तोच शिपाई चाकरीवर गेला की मिठाची शपथ घेई. या दोन हिशेबांचा मेळ त्याने मनात कसा घातला असेल, हा प्रश्न मला लढायांच्या सनावळीपेक्षा मोलाचा वाटतो.

नागपूरच्या इतिहासात हे दोन्ही हिशेब पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. हे शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने इथली खेडी एकत्र करून नागपूर उभे केले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट घातला. १७३९ मध्ये तो वारला आणि गादीचा तंटा पेटला; त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. पुढे भावाभावांत फाटल्यावर रघुजी १७४३ मध्ये पुन्हा आले ते राहण्यासाठीच. बुऱ्हाणशहा हा नावाचा राजा उरला आणि भोसल्यांनी नेमून दिलेल्या उत्पन्नावर आपल्याच शहरात राहू लागला. ज्यांना पाहुणे म्हणून बोलावले ते यजमान झाले!

पण काळाने यजमानालाही सोडले नाही. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्तीघोडे मातीमोलाने विकले गेले, आणि भोसले घराणे इंग्रजांच्या तनख्यावर आले.

याच घराण्यातले राजे रघुजीराव १९०८ मध्ये पुन्हा यजमान झाले, ते एका फकिराचे. कामठीच्या गोराबाजारात १८६१ साली जन्मलेले ताजुद्दीनबाबा पूर्वी मद्रासी पलटणीत शिपाई होते, म्हणजे मीठ खाल्लेलेच. चाकरी सुटली, पुढे १८९२ पासून सोळा वर्षे ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. रघुजीरावांनी जामीन राहून त्यांना सोडवले आणि आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवले. पुढे काही काळ बाबा सावनेरजवळच्या वाकी गावी काशिनाथ पाटलांकडे राहिले. दोन्ही यजमान हिंदू. ज्या घराण्याने मुसलमान राजाला तनखा नेमून देऊन राज्य आपल्याकडे घेतले, त्याच घराण्याने सत्ता गेल्यावर मुसलमान फकिराला ताट वाढले, आणि या वेळी मिठाची कसलीही अट नव्हती. फकिराजवळ द्यायला तलवार नव्हती, आणि राजाजवळ लढायला राज्य नव्हते. यजमानासाठी सांगितलेली ती दुआ इथे मला तिच्या मूळ जागी बसलेली दिसते.

१९२५ मध्ये बाबा निवर्तले. उमरेड रस्त्यावर ताजाबादेत त्यांची दर्गा आहे. उरुसात तिथे लंगर चालतो. धान्य कोणी दिले आणि वाढतो कोण, याची चौकशी न करता सर्व जातिधर्मांचे लोक जेवायला बसतात. पोटभर जेवलेला मनुष्य हात धुतो, दुआ म्हणतो आणि मागच्याला जागा करून देतो.