राजधानी उताराला वसते

साताऱ्याच्या राजधानीपणाचं मूळ अजिंक्यतारा गडावर शोधायची आपल्याला सवय आहे. ते पाण्यात शोधावं, असं माझं मत आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, पण शहर वाढलं ते गडाच्या पायथ्याशी. तिथं वारांच्या नावाच्या पेठा वसल्या. या पायथ्याला पश्चिमेकडून यवतेश्वराच्या डोंगराचा उतार येऊन मिळतो, आणि महादऱ्याच्या अंगाचं पाणी खापरी नळांनी हौदांपर्यंत आपल्या ओढीनं येत असे. पुढे इंग्रजी अमलात कासच्या तलावाचं पाणीही पाटानं, उतारावरूनच आलं. शहराची तहान वाढत गेली, पण भागवण्याची रीत तेव्हाही तीच राहिली.

यावर कुणी म्हणेल, राजधानीला आधी संरक्षण लागतं, पाणी नंतर. गडाचं मोल मोठं आहेच. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाचा वेढा पडला, तो थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत गडानं झुंजवला. पण गड राज्य राखतो, बाजारपेठ पोसत नाही. रायगडावर राजधानी होती, गंगासागरासारखा तलाव होता, बाजारही होता. तरी सत्ता गेल्यावर तिथं वस्ती टिकली नाही. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, शहर मात्र नांदत राहिलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाण्यानंच राजधानी होत असेल तर कमंडलू नदीकाठचं रहिमतपूर का झालं नाही? तिथं आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडलेली मशीद आणि कबर आहे, जवळच हत्तीच्या मोटेचा बुरूज आहे. चढणीच्या वाटेवरून हत्ती मोट ओढी आणि वर आलेलं पाणी मशिदीच्या कारंज्याला मिळे. कसब अव्वल होतं, पण हत्ती थांबला की पाणी थांबे. उपसलेल्या पाण्यावर कारंजं चालतं. पेठा चालायला न थांबणारं पाणी हवं. शिवाय सिंहासनही हवं, हे मान्यच. पाणी एकट्यानं राजधानी घडवत नाही, ते तिला टिकवतं.

म्हणून साताऱ्याचा वारसा जपताना तटबुरुजांइतकीच काळजी हौद, पाट आणि कासच्या पाणलोटाची घ्यायला हवी, कारण राज्य गेल्यावरही शहर जगलं ते त्यांच्याच बळावर.