श्रीनगर ते लेह : अंतर एक, प्रवासाचे काळ अनेक

श्रीनगर आणि लेह या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २५५ किलोमीटर आहे. विमानाला हा टप्पा पार करण्यास साधारण तासभर पुरतो. राष्ट्रीय महामार्गाने मात्र हेच अंतर ४२० किलोमीटरहून अधिक भरते आणि बहुतेक प्रवासी कारगिल येथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लेहला पोहोचतात. हिमवर्षावाच्या काळात तर हा काळ दिवसांतही मोजता येत नाही.

श्रीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर आहे. लेहचा कुशोक बकुला रिंपोचे विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर, सिंधू नदीच्या खोऱ्यात आहे. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांच्यासह २४ मे १९४८ रोजी लेह येथे डाकोटा विमान प्रथम उतरविले. लडाखचे अभियंते सोनम नोर्बू यांच्या देखरेखीखाली ही धावपट्टी तयार करण्यात आली होती.

लेह येथील नागरी उड्डाणे प्रामुख्याने दुपारपूर्वी होतात. ऊन वाढले की मुळातच विरळ असलेली हवा अधिक विरळ होते, विमानाची भार वाहण्याची क्षमता घटते आणि खोऱ्यातील वारेही जोर धरतात. त्यामुळे सकाळचे उड्डाण हुकल्यास बहुधा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. थेट विमान न मिळाल्यास दिल्लीमार्गे जावे लागते. अशा वेळी २५५ किलोमीटरचा हवाई प्रवास सुमारे १,२५० किलोमीटरचा होतो.

महामार्गावरील सर्वांत उंच ठिकाण फोटूला ही ४,१०८ मीटर उंचीची खिंड होय. परंतु वाहतूक अडते ती ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत. काश्मीरकडून येणारे बाष्प झोजिलाच्या परिसरात प्रचंड बर्फ टाकते. पलीकडील फोटूलाचा प्रदेश त्या मानाने कोरडा आहे. पूर्वी झोजिला वर्षातील पाच-सहा महिने बंद राहत असे. सीमा सडक संघटनेच्या प्रयत्नांमुळे हा काळ कमी झाला असून २०२३ मध्ये ६८ दिवसांनंतर, तर २०२५ मध्ये ३२ दिवसांनंतर खिंड वाहतुकीसाठी खुली झाली.

हे दिवस द्रास, कारगिल आणि लेह येथील रहिवाशांसाठी कठीण असतात. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलविणे, विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी वेळेवर पोहोचणे, ताजा भाजीपाला मिळणे हे सर्व मोकळ्या आकाशावर अवलंबून राहते. रस्ता बंद असताना भारतीय हवाई दलाची एएन-३२ विमाने कारगिलहून श्रीनगर व जम्मूकडे प्रवाशांची ने-आण करीत आली आहेत. ढग दाटल्यास ही सेवाही थांबते.

महामार्ग बारमाही करण्यासाठी दोन बोगद्यांची योजना आखण्यात आली. गगनगीर ते सोनमर्ग दरम्यानच्या सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे उद्घाटन १३ जानेवारी २०२५ रोजी झाले. झोजिलाखालील बोगद्याची कोनशिला १९ मे २०१८ रोजी बसविण्यात आली. त्याची लांबी १३ किलोमीटरहून अधिक असून तो बालताल आणि मीनामर्ग यांना जोडणारा आहे. त्यातून वाहतूक सुरू झाल्यावर खिंडीतील काही तासांचा प्रवास काही मिनिटांवर येणे अपेक्षित आहे.

विमानाने वाचलेल्या वेळेचा काही भाग मात्र शरीरासाठी राखून ठेवावा लागतो. तासाभरात सुमारे १,६०० मीटर अधिक उंचीवर पोहोचल्याने डोकेदुखी, मळमळ व धाप लागण्याचा त्रास संभवतो. म्हणून लेहला विमानाने येणाऱ्यांना पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घेण्याचा सल्ला दिला जातो. प्रवासाचा बेत आखताना हे दिवसही हिशेबात धरणे आवश्यक आहे.