अंड्याचं टोक आणि नेटवर्कचा तह

मंडळी, आपण ‘एकवीस’ म्हणतो तेव्हा आधी एक येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग १. दोन्ही क्रम आपल्याला पाठ आहेत, म्हणून घोळ होत नाही. संगणकांच्या जगात याच क्रमावरून मोठा वाद झाला. आज त्याचीच गोष्ट.

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. त्याहून मोठी संख्या असेल तर दोन किंवा चार बाइट लागतात. मग आधी कुठला बाइट ठेवायचा? आयबीएमची सिस्टिम/३६० यंत्रं मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवायची, डेकचं पीडीपी-११ लहान किमतीचा. यंत्र एकटं होतं तोवर कुणाचं काही अडलं नाही. दोन यंत्रं जोडली, की भानगड सुरू! पोर्ट क्रमांक ८० घ्या. दोन बाइटमध्ये तो ‘०, ८०’ असा जातो. पलीकडच्यानं उलटा वाचला, तर ८० गुणिले २५६, म्हणजे २०,४८०. संख्या अक्षरांच्या रूपात पाठवली तर हा प्रश्न येत नाही. बायनरी पाठवली की येतोच.

१ एप्रिल १९८० या तारखेचं डॅनी कोहेन यांचं एक टिपण आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये अंडं कुठल्या टोकानं फोडायचं यावरून युद्ध पेटतं. कोहेननी तिथूनच नावं उचलली: बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. तारीख एप्रिल फूलची, पण मुद्दा गंभीर होता. कुठला क्रम चांगला, यापेक्षा सगळ्यांचा एकच क्रम ठरणं महत्त्वाचं.

सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात इंटरनेट प्रोटोकॉलसाठी मोठा बाइट आधी, असा क्रम नोंदला गेला. १९८३मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये सॉकेट आले, आणि सोबत ‘एचटीओएनएस’सारखी फंक्शनं. त्यांचं काम एवढंच: घरातला क्रम कुठलाही असो, बाहेर पडताना नेटवर्कचा क्रम लावायचा.

आता गंमत बघा. पुढे इंटेलच्या प्रोसेसरांमुळे लिटल-एंडियन यंत्रांची सरशी झाली. फोनमधले एआरएम प्रोसेसरही बहुतेक तसेच चालतात. बहुमत पालटलं, तह तसाच राहिला. पायथनच्या ‘स्ट्रक्ट’मध्ये आजही उद्गारचिन्ह दिलं, की त्याचा अर्थ ‘नेटवर्कचा क्रम’. बहुमताच्या जोरावर हा क्रम मध्येच फिरवला असता, तर जुन्या-नव्या यंत्रांचं बोलणंच तुटलं असतं.