रेवदंडा

रेवदंडा : रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील तटबंद बंदरगाव. कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर काठावर, अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर ते वसले आहे. उत्तरेला चौल त्याला लागूनच आहे आणि खाडीपलीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरधारेवर कोर्लईचा किल्ला आहे. आज महसुली दप्तरात ही तीन गावे असली, तरी इतिहासात ते एकच बंदर होते. कोकणकिनाऱ्यावर किल्ले पुष्कळ आहेत, पण समुद्रालगत तट उभारून त्याच्या आत वसवलेले आणि आजही नांदते असे गाव क्वचित सापडते. किल्ल्याच्या आत घरे, वाड्या, शाळा, देवळे आणि बाजार असलेले रेवदंडा म्हणूनच एका धावत्या भेटीत संपत नाही.

नवी मुंबईतल्या खारघरच्या रहिवाशाला हे नाव बहुधा श्रीसदस्यांमुळे, म्हणजे धर्माधिकारी यांच्या अनुयायांमुळे, ठाऊक असते. निरूपणकार नानासाहेब धर्माधिकारी आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब रेवदंड्याचे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर अप्पासाहेबांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. भर उन्हात झालेल्या त्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवसानंतर रेवदंड्याचे नाव खारघरमध्ये हळहळीनेच घेतले जाते. मात्र या दोन गावांना जोडणारा रस्ता फार जुना आहे. खारघरशेजारच्या पनवेलच्या खाडीतला आणि चौलच्या खाडीतला व्यापार एकाच किनाऱ्यावरचा. बेने इस्रायली ज्यू समाजाचा वावरही याच पट्ट्यात राहिला. आडनावांतच त्यांची गावे दिसतात : पेणकर, केहीमकर, चेऊलकर. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बेथ एल या एकाच नावाचे सिनेगॉग पनवेललाही आहे आणि रेवदंड्यालाही.

चौलचे जुने नाव चेमूल. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख येतो. ग्रीक-रोमन लेखकांच्या लिखाणात ते सिमिल्ला, सेमिल्ला असे येते, तर अरबांच्या लेखी सैमूर. डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांच्या पथकाने केलेल्या उत्खननात सातवाहन काळापर्यंत मागे जाणारे अवशेष हाती आले. म्हणजे किमान दोन हजार वर्षे या खाडीत गलबते लागत होती. बगदादचा प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी, शिलाहार राजा झंझ याच्या अमदानीत इथे आला. गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांतले बरेच इथेच जन्मलेले आहेत आणि त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवतो, असे त्याने नोंदवले. त्या काळच्या हिंदू राजाने परदेशी व्यापाऱ्यांना दिलेली ही मोकळीक चौलच्या भरभराटीचे मोठे कारण होती. पुढे हे बंदर बहमनी राज्यात आणि मग अहमदनगरच्या निजामशाहीत गेले. रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन १४६९ च्या सुमारास हिंदुस्थानात उतरला तो इथेच, असे मानले जाते. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला काळा स्तंभ रेवदंड्यात आहे.

यानंतरचे प्रकरण थेट एड्रिआटिक समुद्राशी जाऊन भिडते. त्या समुद्राच्या टोकावरचे व्हेनिस शतकानुशतके मिरीच्या व्यापारावर गब्बर झाले होते. मलबारची मिरी अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवरून कैरो-अलेक्झांड्रियाला आणि मग व्हेनिसच्या जहाजांतून युरोपात जाई. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि या साखळीला धक्का बसला. इजिप्तच्या मामलूक सुलतानाने पोर्तुगिजांना हुसकावण्यासाठी अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार धाडले. दीवचा सुभेदार मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला. मार्च १५०८ मध्ये दोन्ही आरमारे चौलच्या खाडीत समोरासमोर आली. पोर्तुगिजांचा सेनापती होता लोरेन्सो द आल्मेदा, व्हाइसरॉयचा तरुण मुलगा. माघार घेताना त्याचे जहाज ओहोटीच्या ओढीत सापडले आणि कोळ्यांनी जाळी बांधायला खाडीत रोवलेल्या खांबांत अडकून पडले. तोफगोळ्याने त्याची मांडी फोडली, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने त्याचा प्राण घेतला. हिंदी महासागरातील पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा पराभव. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, त्याच्या बापाने दीवला याचा सूड उगवला आणि पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र सव्वाशे-दीडशे वर्षांसाठी पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. व्हेनिसचे नशीब ज्या लढायांत पणाला लागले होते, त्यांतली एक अलिबाग तालुक्यात झाली. शालेय पुस्तकांत तिला जागा मिळायला हवी.

निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला. स्थानिक लोक या कोटाला आगरकोट म्हणतात. आतले निजामशाही शहर ते वरचे चौल आणि पोर्तुगिजांचे खालचे चौल, अशी दोन शहरे दोन शतके शेजारी-शेजारी नांदली. सोळाव्या शतकात इथे येऊन गेलेल्या व्हेनिसच्या चेझारे फेदेरीची याने ही जोडशहरे वर्णिली आहेत. चौलचे रेशीम आणि लाखकाम केलेल्या पेट्या-पलंग तेव्हा दूरदूर जात. मात्र हा शेजार नेहमीच सुखाचा नव्हता. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने प्रचंड सैन्यानिशी वेढा घातला. सहा महिन्यांहून अधिक काळ तोफा धडधडत राहिल्या, पण समुद्राकडून रसद येत राहिल्याने कोट पडला नाही. पुढे निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर मोर्चे बांधले, तेव्हा १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो डोंगरच जिंकून घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनीही चौलला वेढा दिला होता. अखेर मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर चौल टिकण्याची आशा उरली नाही. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. तोवर खाडी गाळाने भरत चालली होती, सुरतेने आणि मग मुंबईने व्यापार ओढून घेतला होता, कारागीरही मुंबईकडे सरकले होते.

खारघरहून रेवदंडा शंभर किलोमीटरच्या आत आहे. पनवेल, पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग असा रस्ता. एसटीने जायचे तर पनवेल स्थानकातून अलिबागची गाडी पकडावी. अलिबागहून रेवदंडा-मुरूडकडे एसटी आणि मिनिडोर रिक्षा दोन्ही मिळतात. वाटेत आक्षीला जरूर थांबावे. इथला शके ९३४ (इ. स. १०१२) चा शिलालेख अनेक अभ्यासकांच्या मते मराठीतला सर्वांत जुना लेख आहे. लोक त्याच्या शेजारून गाडी हाकत समुद्राकडे जातात, हे पाहून वाईट वाटते. थंडीचे दिवस या भेटीला उत्तम. त्या दिवसांत वालाच्या शेंगा निघतात आणि शेताच्या बांधावर भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावली जाते. जेवायला अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातली कुठलीही घरगुती खानावळ चालते. जिताडा मासा मिळाला तर दुसरे काही मागवू नये.

चौल आधी लागते. रामेश्वराचे देऊळ, समोरची मोठी पुष्करणी आणि नारळी-पोफळीची सावली. या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन झाकलेली कुंडे आहेत. पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायचे, ही जुनी रीत. डोंगरावरच्या दत्तमंदिराला सातशेहून अधिक पायऱ्या आहेत. दत्तजयंतीला तिथे पाच दिवसांची यात्रा भरते. कानाकोपऱ्यातले आगरी, कोळी, माळी तेव्हा इथे येतात आणि उरलेले वर्षभर डोंगर शांत असतो. वरून चौलच्या वाड्या, खाडी आणि कोर्लईची धार एका नजरेत येते. तीन गावे मिळून एकच बंदर का, याचे उत्तर तिथे मिळते. म्हणून दत्ताचा डोंगर आधी चढावा आणि मग कोट पाहावा.

रेवदंड्याच्या कोटात रस्ता वेशीतूनच शिरतो. एसटी त्याच कमानीखालून जाते. इथे गाडी थांबवून पायी चालावे. दरवाजावर पोर्तुगालचे राजचिन्ह कोरलेले दिसते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दगडाच्या कडा झिजल्या आहेत, तरी ढालीचा आकार बोटाने चाचपता येतो. आत शिरल्यावर तट दोन्ही बाजूंना झाडीत गडप होतो. कारण कोटातली बहुतेक जमीन आता नारळ-पोफळीच्या वाड्यांची आहे. वाडीत पाटाचे पाणी खळखळत असते, पोफळींच्या रांगा सरळ उभ्या असतात आणि त्यांच्या मधोमध अचानक चर्चची एखादी भिंत, छत नसलेली कमान किंवा मठाचा कोपरा समोर येतो. पोर्तुगिजांच्या काळी इथे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा चारही पंथांचे मठ होते. सर्वांत ठळक उरला आहे तो फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा. गावात त्याला सातखणी म्हणतात. वरचे मजले कोसळले असले तरी खिडक्यांच्या चौकटी अजून शाबूत आहेत. डॉमिनिकन चर्चची कमानही आवर्जून शोधावी. संत फ्रान्सिस झेवियर यांनी इथल्या एका छोट्या चर्चमध्ये प्रवचन केले, असे सांगितले जाते.

समुद्राकडची बाजू ओहोटीला पाहावी. पाणी मागे हटले की काळसर वाळूवरून तटाच्या बाहेरून चालता येते. बुरूज, तोफांच्या खाचा आणि लाटांनी पोखरलेला पाया जवळून दिसतो. भरतीला हेच पाणी तटाला येऊन थडकते, तेव्हा निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ कोळीवाड्यात विचारून घ्यावी. दगडांच्या सांध्यांतून वड-पिंपळाची मुळे शिरली आहेत आणि काही ठिकाणी तटाचा मोठा तुकडा वाळूत आडवा झाला आहे.

साळावच्या पुलावरून खाडी ओलांडली की कोर्लई. किल्ला अरुंद धारेवर लांबट पसरलेला आहे आणि तिन्ही बाजूंना पाणी. पायथ्याला दीपगृह. वर पोर्तुगीज शिलालेख, चर्चचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत. पण कोर्लईचे खरे धन गावात आहे. इथली कॅथलिक कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून घडलेली स्वतःची बोली बोलतात. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथ लिहिला. बोलणारे हजाराच्या आसपासच आहेत. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ झाला आणि गावाने ही बोली कोणत्याही शाळेच्या किंवा सरकारच्या आधाराविना सांभाळली, ही असामान्य गोष्ट आहे.

एड्रिआटिकच्या पूर्व किनाऱ्यावर क्रोएशियातील दुब्रोवनिक हेही असेच व्यापारावर वाढलेले तटबंद बंदर. त्याच्या सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या तटावरून तिकीट काढून सलग फेरी मारता येते, जुन्या शहराला १९७९ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे आणि जगभरचे लोक तिथे लोटतात. इतके की, गर्दी आवरणे हाच त्या शहराचा आज मोठा प्रश्न झाला आहे. रेवदंड्याला तसली गर्दी नको. पण आगरकोटाचे अवशेष केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असताना तटावरून चालण्याजोगी एक सलग वाट, मठांपाशी मराठीत नीट माहिती देणारे फलक आणि मुळांनी फोडलेल्या बुरुजांची वेळीच डागडुजी, एवढे तरी व्हायला हवे. दोन हजार वर्षांच्या बंदराला ही मागणी जास्त नाही.

पाहायला जाणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोटातल्या वाड्या खासगी आहेत. मनोरा किंवा चर्च पाहायला आत शिरण्यापूर्वी वाडीवाल्याला विचारावे, पोफळीच्या रोपांवर पाय देऊ नये, पाट तुडवू नये आणि भिंतींवर नावे कोरू नयेत.