हात मोकळे करणारी होडी

पायांनी हाकायची आणि मोकळ्या हातांनी मासे धरायचे, अशी एक होडी आता विकत मिळते. तिला पायडलाची कयाक म्हणतात. लांबी साधारण दहा ते चौदा फूट, अंग टणक प्लास्टिकचं, मधोमध पाठ टेकता येईल अशी बैठक आणि समोर दोन पायडल. पायडल मारले की तळाखालची यंत्रणा पाणी मागं लोटते आणि होडी पुढं सरकते. एक हात सुकाणूच्या मुठीवर, दुसरा गळाच्या काठीवर. वल्हं बाजूला पडून राहतं.

माझ्या एका भाच्याला ती घ्यायची आहे. सुटीच्या दिवशी खाडीत एकट्यानं जाऊन गळ टाकायचा त्याचा बेत आहे. किंमत चांगल्या मोटरसायकलीच्या घरातली. त्यानं मला विचारलं, "मामू, पंखांची घेऊ की पंख्याची?" या होड्या दोन जातींच्या असतात. एकीच्या तळाशी माशाच्या परांसारखे दोन पंख हलतात, दुसरीला फिरता पंखा असतो, म्हणून हा प्रश्न. मी कवितेचा माणूस, यंत्रातलं मला विचारण्यात फारसा अर्थ नाही. पण पुस्तकं चाळण्याची सवय आहे. चाळता चाळता ध्यानात आलं, की या प्रश्नाचा एक भाग नऊशे वर्षांपूर्वी चीनमधल्या एका सरोवरावर तलवारीनं सुटला होता. आणि होडी कशी निवडावी याचं सर्वांत बारीक शास्त्र बर्फाच्या मुलखातल्या माणसांनी त्याच्याही कितीतरी आधी तयार केलं होतं.

कयाक ही ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत पसरलेल्या इन्युइट आणि त्यांच्या भाईबंद लोकांची होडी. त्या मुलखात झाडं जवळजवळ नाहीत. समुद्रानं वाहून आणलेलं लाकूड वेचायचं, त्याचा सांगाडा चामड्याच्या वाद्यांनी बांधायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचं. हे कातडं शिवण्याचं काम बायकांचं. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, निम्म्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे टाक्याच्या भोकातून पाणी आत येत नाही. समुद्रावर गेलेल्या माणसाचा जीव घरातल्या बाईच्या त्या टाक्यावर टांगलेला असे.

ही होडी दुकानातून निवडायची नव्हती, ती अंगावर बेतायची होती. शिंपी जसा अंगरखा बेततो तशी. आपले दर्यावर्दी लांबी वावेनं मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. ग्रीनलंडमध्येही तेच माप. कयाकची लांबी माणसाच्या स्वतःच्या तीन वावा. बसायच्या जागेची रुंदी त्याच्या कमरेइतकी, वर दोन मुठी. खोली एक मूठ आणि ताठ धरलेला अंगठा. म्हणजे भावाची कयाकसुद्धा भावाला नीट बसायची नाही. एवढं करून होडी निघायची सुमारे सतरा फूट लांब आणि जेमतेम वीस इंच रुंद. इतकी अरुंद होडी उलटणारच. ती उलटणार हे धरूनच तिची सगळी रचना होती. शिकारी कातड्याचा पाणरोधक अंगरखा घालायचा आणि त्याचा घेर बसायच्या भोकाभोवतीच्या कड्याला घट्ट बांधायचा. होडी पालथी झाली, तर वल्ह्याच्या एका फटकाऱ्यानं तो होडीसकट पुन्हा वर यायचा. बाहेर पडून पोहणं हा पर्यायच नव्हता, कारण त्या पाण्यात माणूस काही मिनिटांत गारठून निकामी होतो.

इथं हातांची अडचण मात्र होती. तोल सांभाळायला वल्हं हवं आणि शिकारीला भाला हवा. सील दिसला की शिकारी एका हातानं वल्हं धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं भाला फेकायचा. तेवढ्या क्षणात लाट आली किंवा भाल्याची दोरी अडकली तर खेळ खलास. एकोणिसाव्या शतकात ग्रीनलंडच्या पुरुषांच्या मृत्यूचं एक मोठं कारण कयाकवर बुडणं हे होतं. डॅनिश डॉक्टरांनी तिथल्या एका वेगळ्याच व्याधीची नोंद केली आहे. वारा पडलेला, पाणी आरशासारखं, वर लखलखीत ऊन, आणि शिकारी एकटाच निश्चल बसलेला. अशा वेळी त्याला भोवळ येई, होडी भरते आहे असा भास होई आणि हातपाय हलेनासे होत. काही जण त्या भीतीनं कायमचे किनाऱ्यावर बसले. एकट्यानं मासे धरायला जाण्यात शांती मिळते असं आपण म्हणतो. ती शांतीही अंगावर येऊ शकते, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

अलास्काच्या टोकाला अल्यूट बेटं आहेत. तिथल्या लोकांची कयाक वेगासाठी नावाजलेली. 1742 मध्ये बेरिंगच्या मोहिमेतली माणसं समुद्री ऊदमांजराची कातडी घेऊन परतली आणि रशियन व्यापाऱ्यांची त्या बेटांवर रीघ लागली. ऊदमांजर पकडण्यात अल्यूटांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तेव्हा त्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीवर धाडण्यात आलं. पुढं रशियनांच्या काळात तीन भोकांची कयाक चालू झाली. पुढं एक अल्यूट, मागं एक अल्यूट, आणि मधल्या भोकात रशियन प्रवासी. मधल्याचे हात अगदी मोकळे. हात मोकळे राहतात तेव्हा त्यांचं काम दुसरं कोणीतरी करत असतं, एवढं त्या मधल्या भोकाकडं पाहून कळतं.

ते काम स्वतःच्याच पायांवर टाकण्याची युक्ती मात्र आशियातली. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, इनले नावाचं सरोवर आहे. तिथले इंथा कोळी होडीच्या टोकाशी एका पायावर उभे राहतात, दुसऱ्या पायाचा वेढा वल्ह्याला घालतात आणि पायानं वल्हवतात. दोन्ही हात शंकूच्या आकाराचं उंच जाळं दाबायला मोकळे. उभं राहिल्यामुळं पाणगवतावरून पलीकडचंही दिसतं. ही होडी अनेकांनी चित्रात पाहिली असेल. पर्यटकांना ती कसरत वाटते, पण तिच्यामागं पोटाचा हिशेब आहे.

चीनमध्ये हेच काम चाकांनी केलं. आपल्या कोकणात पूर्वी पायरहाट असे. माणूस वर बसून पायांनी रहाट फिरवी आणि पाणी बागेत जाई. तसा रहाट जहाजाच्या दोन्ही अंगांना बसवला आणि आतून माणसं पायांनी तो फिरवू लागली, अशी कल्पना करा. सोंग राजवटीत 1130 साली दोंगतिंग सरोवराच्या परिसरात शेतकऱ्यांचं बंड उठलं. पुढं यांग याओ हा त्यांचा पुढारी झाला. सरकारी जहाजं बांधणारा एक कुशल सुतार बंडखोरांच्या हाती लागला आणि त्यानं त्यांना अशी अनेक चाकांची जहाजं बांधून दिली. वारा असो वा नसो, ती पुढंही धावत आणि मागंही. सरकारी आरमार त्यांच्यापुढं हतबल झालं.

1135 मध्ये युए फेई हा सेनापती आला. त्यानं अधिक वेगवान जहाजं बांधली नाहीत. त्यानं तराफे टाकून खाड्यांची तोंडं अडवली. कुजकी लाकडं आणि गवताच्या पेंढ्या पाण्यात सोडल्या. मग शिव्या देण्यात तरबेज असलेली माणसं निवडून उथळ पाण्याच्या बाजूला पाठवली. त्यांच्या शिव्या ऐकून बंडखोर खवळले आणि जहाजं घेऊन अंगावर धावून गेले. गवत चाकांत गुंतलं, चाकं थांबली. पायांची ताकद तशीच होती, पण ती पाण्यापर्यंत पोचेना. यांग याओ मारला गेला. चाकांची जहाजं मात्र वाईट ठरली नाहीत. 1161 मध्ये यांगत्झे नदीवर अशाच जहाजांनी सोंग राज्य आक्रमणातून वाचवलं. नदी खोल आणि मोकळी होती, एवढाच फरक.

युरोपनं कयाक उचलली ती हौसेपोटी. 1865 मध्ये जॉन मॅकग्रेगर हा स्कॉटिश वकील 'रॉब रॉय' नावाच्या छोट्या लाकडी होडीतून युरोपातल्या नद्या फिरून आला, पुस्तक लिहिलं आणि होडीची टूम निघाली. 1907 पासून जर्मनीत क्लेपर यांनी घडी होणारी कयाक विकायला काढली. आगगाडीतून पिशवीत न्यायची आणि नदीकाठी उभारायची. ऑस्कर स्पेक नावाचा बेकार जर्मन तरुण 1932 मध्ये तसल्याच कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला. काम शोधत सायप्रसला जायचं होतं. तो थांबलाच नाही. कराचीकडून भारताचा पश्चिम किनारा धरून, म्हणजे आपल्या कोकणावरूनच, तो सिलोनला गेला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं, त्यामुळं जर्मन म्हणून त्याला अटक झाली.

या सगळ्यात माप सुटलं. अंगावर बेतलेली होडी कॅटलॉगातून निवडायची झाली. पुढं अमेरिकेत भोकात न बसता वरच बसायची प्लास्टिकची कयाक आली, आणि 1997 मध्ये होबी या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं ग्रेग केटरमन यांनी योजलेली पायडलाची यंत्रणा बाजारात आणली. पेंग्विन पाण्याखाली पर मारतो तसे तळाखालचे दोन पंख आडवे हलतात. पायडल गोल फिरवायचे नाहीत, आळीपाळीनं पुढं दाबायचे. नंतर दुसऱ्या कंपन्यांनी सायकलीसारखे गोल पायडल आणि खाली फिरता पंखा आणला. कारण साधं आहे. मांड्यांचे स्नायू दंडांपेक्षा कितीतरी मोठे, ते उशिरा थकतात.

आता पंख की पंखा? फिरत्या पंख्याची होडी उलटे पायडल मारताच मागं येते. मोठा मासा खडकाकडं ओढू लागला की हा गुण फार कामाचा. पंखांच्या होडीला सुरुवातीला मागं जाता येत नसे, पुढच्या नमुन्यांत ती सोय झाली. पण उथळ पाणी लागलं तर एक पायडल पुढं दाबून पंख तळाला चिकटवता येतात, फिरता पंखा मात्र वर उचलून घ्यावा लागतो. गवत दोघांतही अडकतं, पंख्याच्या दांड्याभोवती ते जास्त गुंडाळलं जातं. आमच्या खाड्यांत आता गवतापेक्षा नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. युए फेईचं काम आपणच रोज करून ठेवतो. तेव्हा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीसाठी पंख आणि खोल, स्वच्छ धरणाच्या पाण्यासाठी पंखा, असा माझा कौल.

त्याहून मोठा प्रश्न रुंदीचा. या कयाकी तेहतीस ते छत्तीस इंच रुंद असतात, उभं राहून गळ टाकता यावा म्हणून. कोकणातल्या अरुंद होडीला तोलासाठी बाजूला लाकडाची उलांडी बांधतात. इथं उलांडी होडीच्या अंगातच आहे असं समजा. पण रुंद होडी सरळ असताना जशी स्थिर, तशी पालथी झाल्यावरही स्थिरच. वजन चाळीस-पन्नास किलो. वल्ह्याच्या फटकाऱ्यानं ती वळत नाही. माणूस पाण्यात पडतो, आणि त्याला पोहत येऊन ती उलटवून वर चढावं लागतं.

नॉर्वेचा संशोधक फ्रिड्यॉफ नान्सेन 1888-89 च्या हिवाळ्यात ग्रीनलंडमध्ये कयाक शिकला होता. 1896 मध्ये उत्तर ध्रुवाकडून परतताना त्याच्या आणि सोबत्याच्या एकत्र बांधलेल्या दोन कयाकी बर्फाच्या कडेपासून सुटून वाहत निघाल्या. अन्न, बंदुका, सगळं त्यात. नान्सेननं उडी घेतली आणि त्या गोठवणाऱ्या पाण्यात पोहत त्या गाठल्या. वर चढताना हातपाय इतके कडक झाले होते, की तेच सर्वांत अवघड ठरलं. होडीपर्यंत पोचणं वेगळं आणि होडीत परत बसणं वेगळं.

म्हणून माझ्या मते पायडलाची कयाक घेणाऱ्यानं दुकानात वेग विचारण्याआधी तिला कमरेइतक्या पाण्यात न्यावं, जीवरक्षक जाकीट घालून मुद्दाम उलटवावी आणि कोणाच्याही मदतीशिवाय तीनदा वर चढून पाहावं. जमलं नाही तर ती होडी आपल्या मापाची नाही, मग ती कितीही देखणी असो. बैठक पायांच्या लांबीप्रमाणं सरकते का, पाय पुढं दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहतो का, तेही पाहावं. तीन वावांच्या मापाचं आता एवढंच उरलं आहे. यंत्रणा दोरीनं होडीला बांधलेली हवी, नाहीतर उलटताच ती तळाशी जाते. आणि वल्हं बरोबर हवंच. चाक थांबलं की हातांनाच परत कामाला लागायचं असतं.

ग्रीनलंडमध्ये मोटारबोटी आल्यावर कयाक जवळजवळ संपली होती. 1980 च्या दशकात तिथल्या तरुणांनी संघटना काढून ती पुन्हा शिकायला घेतली. त्यांच्या स्पर्धांत उलटून वर येण्याचे कितीतरी प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार एकेका अपघाताची आठवण आहे. पूर्ण वल्हं घेऊन वर यायचं. मग वल्हं हरवलं असं धरून भालाफेकीच्या छोट्या फळीनं यायचं. मग तीही गेली असं धरून नुसत्या पंजानं, आणि शेवटी मिटलेल्या मुठीनं. आजोबा-पणजोबा जिथून परतले नाहीत, तिथून नातवंडं रिकाम्या हातांनी वर येतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)