चावीचा ग्रामोफोन : खरेदी आणि निगा

चावीचा ग्रामोफोन हे लाखेच्या तबकडीवर मुद्रित झालेला ध्वनी विजेच्या साहाय्याविना ऐकविणारे यंत्र होय. चावीने पिळलेल्या पोलादी स्प्रिंगेच्या शक्तीवर तबकडी फिरते. सुईची कंपने साउंडबॉक्समधील पडद्यापर्यंत पोहोचतात आणि कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर पडतात. आज हे यंत्र प्रामुख्याने संग्राहकांकडे आढळते. नव्या संग्राहकाने यंत्र निवडताना आणि वापरताना घ्यावयाची काळजी या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात ध्वनी नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. भारतात १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रण केले. गौहर जान या त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गायिका होत. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना सुरू झाला. तबकडीसाठी लागणारी लाख पळस, कुसुंब अशा वृक्षांवरील कीटकांपासून मिळते आणि ती प्रामुख्याने भारतातूनच जगभर जात असे. भारतात १९६० च्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या. त्यामुळे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर आदींच्या मूळ तबकड्या महाराष्ट्रातील जुन्या घरांत अद्यापही सापडतात.

अस्सल आणि बनावट

मुंबईतील चोर बाजारात, विशेषतः मटण स्ट्रीटवर, पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन विक्रीस असतात. त्यांपैकी बरेच नव्याने जुळविलेले असतात : पेटी नवी, कर्णा नवा आणि आत एखाद्या जुन्या पेटीग्रामोफोनची मोटर. कुत्र्याचे प्रसिद्ध बोधचिन्ह सहज छापून चिकटविता येते. त्यावरून यंत्राचे वय ठरत नाही. अनेक अस्सल यंत्रांचे कर्णे रंगविलेल्या पत्र्याचे वा लाकडाचे असत. म्हणून पितळेची चकाकी ही जुनेपणाची खूण मानू नये. अस्सल यंत्रात पेटीचे सांधे नेटके असतात, स्क्रूंची भोके मूळ जागी असतात आणि लाकडाची झीज हात लागतो तेथेच दिसते. जुळविलेल्या यंत्राची भुजा बहुधा चुकीच्या कोनात बसविलेली असते. अशी भुजा तबकडीच्या खाचा खरवडते. शोभेची वस्तू म्हणून असे यंत्र घेण्यास हरकत नाही. मात्र त्यावर दुर्मिळ तबकडी वाजवू नये.

खरेदीपूर्वीची तपासणी

* चावी फिरविताना सारखा विरोध जाणवावा. विरोध मुळीच नसल्यास स्प्रिंग तुटलेली किंवा निसटलेली असण्याचा संभव असतो. वाजताना मोटरमधून अधूनमधून धप्प असा आवाज आल्यास स्प्रिंगेवरील ग्रीस वाळलेले असते.
* पूर्ण चावी दिल्यावर दहा इंची तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, वेग न मंदावता वाजली पाहिजे.
* तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून एका मिनिटातील फेऱ्या मोजाव्यात. त्या ७८ च्या आसपास असाव्यात. वेग वाढला की गायकाचा स्वर चढतो आणि मंदावला की उतरतो.
* साउंडबॉक्समधील अभ्रकाचा पडदा तडकलेला नसावा. त्याच्या कडेचे रबर कडक झाले असल्यास आवाज खरखरतो. ते बदलता येते.
* जस्तमिश्रित ओतीव भाग कालांतराने फुगून तडकतात. ते दुरुस्त करणे अवघड असते.

सुई

लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. तिच्यावर घासून पोलादी सुई खाचेच्या आकारास येते आणि एक बाजू संपेपर्यंत तिला धारदार कडा आलेल्या असतात. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावावी. एकच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याने तबकडीवर राखाडी पट्टे उमटतात आणि गेलेला आवाज परत मिळत नाही. सुयांच्या अल्प किमतीच्या तुलनेत ही हानी फार मोठी आहे. एलपी किंवा ४५ फेऱ्यांच्या प्लास्टिकच्या तबकड्या या यंत्रावर कधीही लावू नयेत. पहिल्याच वाजविण्यात त्या खराब होतात. एडिसनच्या हिरा-सुईच्या जाड तबकड्यांवरही पोलादी सुई चालत नाही, कारण त्यांतील खाच वर-खाली कोरलेली असते.

निगा

वाजवून झाल्यावर उरलेली चावी उतरू द्यावी; स्प्रिंग दीर्घकाळ ताणलेली ठेवू नये. गव्हर्नर आणि दात्यांना हलके यंत्रतेल थेंबभर पुरते. स्प्रिंगेला ग्रॅफाइटयुक्त ग्रीस लागते. परंतु तिचा डबा घरी उघडू नये, कारण सुटलेली स्प्रिंग गंभीर इजा करू शकते. ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. पितळ आणि लाकूड घासून नवे करण्याच्या मोहाने मूळ रंग आणि चिन्हे नष्ट होतात.

तबकड्या कागदी पाकिटांत, उभ्या आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. आडव्या चळतीत त्या वाकतात किंवा फुटतात. स्पिरिट वा अन्य मद्यार्क लावू नये. त्यात लाख विरघळते. मऊ कोरडा ब्रश बहुधा पुरेसा असतो. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी आणि पेटीला वाळवी लागण्याची शक्यता असल्याने महिन्यातून एकदा तपासणी करावी.

दुर्मिळ तबकड्या

ग्रामोफोनच्या जड साउंडबॉक्समुळे प्रत्येक वेळी तबकडीची थोडी झीज होतेच. ज्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत माहीत नाही, त्याचे प्रथम हलक्या भुजेच्या विद्युत् यंत्रावर, ७८ फेऱ्यांसाठीच्या रुंद टोकाच्या सुईने डिजिटल मुद्रण करून घ्यावे. आरंभीच्या काळात काही गायक ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. लेबल फाटलेल्या तबकडीच्या बाबतीत अशी नोंद गायकाच्या ओळखीचा एकमेव पुरावा ठरू शकते आणि बोथट सुईने प्रथम नाश होतो तो अशाच बारीक तपशिलांचा.